पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : विश्वासाचे धन

॥ श्री ॥

चिंचपाडा हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील गाव. या परिसरात देवदर्शनास येणाऱ्या भाविकांस उत्तरेकडे गेल्यास प्रथम तापीमाई लागते, तिच्या पलीकडे सातपुड्याच्या रांगा उभ्या राहतात आणि सातपुडा ओलांडला की नर्मदामाईचे दर्शन घडते. नर्मदा ही नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा होय. याच नर्मदेच्या काठी, प्रवाहाच्या वरच्या अंगास, माहेश्वर हे पवित्र क्षेत्र वसलेले आहे. तेथून अठ्ठावीस वर्षे एका विधवा स्त्रीने मोठ्या राज्याचा कारभार पाहिला आणि काशीपासून रामेश्वरापर्यंतच्या तीर्थक्षेत्री आपल्या सेवेची खूण ठेवली. त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर.

अहिल्यादेवींनी बांधलेली मंदिरे व घाट सर्वांना ठाऊक आहेत. परंतु एवढे धर्मकार्य हातून घडण्यासाठी जे मूळ भांडवल लागते, ते केवळ पैशाचे नसते. लोकांनी आपल्यावर ठेवलेला विश्वास हे ते भांडवल होय. तो विश्वास त्यांनी कसा मिळविला आणि कोणत्या प्रसंगी कोणती किंमत देऊन राखला, हे जाणून घेणे भाविकांस व दात्यांस उपयुक्त ठरेल.

जन्म, बालपण व विवाह

अहिल्यादेवींचा जन्म दि. ३१ मे १७२५ रोजी चौंडी या लहानशा गावी झाला. हे गाव सांप्रत अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. घरात ऐश्वर्य नव्हते, परंतु देवाधर्माचे व सचोटीचे वातावरण होते. त्या काळी मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नव्हती. तरीही माणकोजींनी मुलीस लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण दिले.

पेशव्यांचे मातब्बर सरदार मल्हारराव होळकर यांचा मुक्काम चौंडीस पडला असता देवळात निष्ठेने पूजा करणारी ही बालिका त्यांच्या दृष्टीस पडली आणि तिला सून करून घेण्याचे त्यांनी मनात योजिले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. इ. स. १७३३ मध्ये मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्यादेवींचा विवाह झाला. त्यावेळी त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते. पुढे त्यांना मालेराव हा पुत्र व मुक्ताबाई ही कन्या झाली.

सासूबाई गौतमाबाई या करारी व धर्मशील होत्या. घरची शिस्त, देवपूजा, आल्यागेल्याचा मान आणि हिशेबाची काटेकोर नोंद यांचे धडे अहिल्यादेवींना त्यांच्या हाताखाली मिळाले. सासरे मल्हारराव बहुतेक काळ मोहिमांवर असत. सुनेची बुद्धी व सचोटी पाहून त्यांनी हळूहळू वसूल, पत्रव्यवहार व फौजेची रसद यांचे काम तिच्यावर सोपविण्यास प्रारंभ केला.

आघातांची मालिका

मार्च १७५४ मध्ये भरतपूर राज्यातील कुंभेरच्या किल्ल्याला वेढा पडला असता तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी त्यावेळी अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांनी सती जाण्याची तयारी केली. मल्हाररावांनी त्यांना त्या मार्गापासून परावृत्त केले. पुत्र गेला असता आता सूनच आपला आधार आहे, अशी वृद्ध सासऱ्यांची विनवणी होती. अहिल्यादेवींनी ती मानली.

त्यानंतरच्या बारा वर्षांत मल्हाररावांनी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण शिक्षण दिले. इ. स. १७६५ मधील त्यांच्या पत्रांवरून तोफखाना व दारूगोळा यांची तजवीज करण्यासारखी जोखमीची कामेही ते सुनेवर निर्धास्तपणे सोपवीत असल्याचे दिसते. रणधुरंधर सरदाराने तोफखान्याची सोय घरातील विधवा सुनेकडे द्यावी, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

दि. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे निधन झाले. नातू मालेराव यांना सरदारकीची वस्त्रे मिळाली, परंतु त्यांची प्रकृती ठीक नव्हती आणि इ. स. १७६७ मध्ये तेही निवर्तले. पती, सासरे व पुत्र असे तिघेही गेले. राज्यात कर्ता पुरुष उरला नाही आणि दरबारातील काहींच्या मनात लोभ उत्पन्न झाला.

कारभाराची सूत्रे

होळकरांचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी असा बेत मांडला की, एखादे अल्पवयीन मूल दत्तक घ्यावे, त्याच्या नावाने कारभार चालवावा आणि बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्मात काळ कंठावा. पेशवे घराण्यातील रघुनाथराव यांना नजराणा देऊन त्यांचीही संमती मिळविण्याचा या बेतात भाग होता. अहिल्यादेवींना हा मार्ग स्वीकारता आला असता. त्यात सुख होते, सुरक्षितता होती आणि कोणतीही जबाबदारी नव्हती.

त्यांनी स्पष्ट नकार दिला. आपण एका वारसाची पत्नी व दुसऱ्या वारसाची माता असून पुढची व्यवस्था लावण्याचा अधिकार आपलाच आहे, अशी त्यांची भूमिका होती. रघुनाथराव फौजेसह उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठापर्यंत आले. अहिल्यादेवींनी लढाईची सिद्धता केली आणि त्याचवेळी पुण्यास माधवराव पेशव्यांकडे न्यायाची मागणी केली. स्त्रीवर विजय मिळविला तर त्यात कीर्ती नाही आणि पराभव झाला तर अपकीर्तीला पार नाही, असा निरोप त्यांनी रघुनाथरावांस धाडला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. माधवराव पेशव्यांनी अहिल्यादेवींचा पक्ष उचलून धरला. तेव्हा आपण केवळ समाचारास आलो आहोत, असे सांगून रघुनाथरावांनी माघार घेतली. एकही प्राण न गमावता प्रसंग निभावला.

यानंतर अहिल्यादेवींनी सैन्याचे आधिपत्य तुकोजी होळकर यांना दिले. तुकोजी हे मल्हाररावांचे पुत्र नव्हते. ते त्यांच्या विश्वासातील अनुभवी सरदार होते. वयाने ते अहिल्यादेवींपेक्षा मोठे असूनही त्यांना मातोश्री म्हणत आणि आपल्या मुद्रेत मल्हाररावांचे पुत्र म्हणून स्वतःचा उल्लेख करीत. तुकोजी दक्षिणेत असताना सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख ते पाहत आणि माळवा व निमाड अहिल्यादेवींकडे असे. तुकोजी उत्तर हिंदुस्थानात गेले म्हणजे सातपुड्याच्या दक्षिणेकडील महालांचा कारभारही माहेश्वराहूनच चाले. खानदेशातील होळकरांच्या रयतेचा अहिल्यादेवींशी संबंध आला तो या मार्गाने.

खासगी व दौलत

अहिल्यादेवींच्या चारित्र्याची खरी ओळख त्यांच्या हिशेबात पटते. होळकरांच्या घरात दोन खजिने होते. राज्याचा वसूल ज्यात जमा होई ती दौलत. तिच्यातून फौज, किल्ले व कारभार यांचा खर्च चाले. दुसरा खजिना खासगीचा. इ. स. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र उत्पन्नाचे महाल दिले होते. त्यांचे उत्पन्न घरातील स्त्रीचे, तिच्या इच्छेप्रमाणे खर्च करण्याचे. इ. स. १७६१ मध्ये गौतमाबाई वारल्यावर हे उत्पन्न अहिल्यादेवींकडे आले.

इ. स. १७६७ नंतर दोन्ही खजिन्यांच्या किल्ल्या एकाच हाती आल्या. त्यांना विचारणारा वा अडविणारा कोणी उरला नव्हता. अशा वेळी एका पेटीतील पैसा दुसऱ्या पेटीत केव्हा गेला, हे कोणास कळलेही नसते. परंतु अहिल्यादेवींनी दोहोंमधील सीमा कधी पुसू दिली नाही. त्यांचा दानधर्म व देशभरच्या तीर्थक्षेत्रांतील बांधकामे खासगीच्या उत्पन्नातून चालत आणि दौलतीचा पैसा राज्याच्या कामी लागे.

खासगीचा संचय मिळावा म्हणून दडपण आले असता त्यांनी त्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्यास अर्पण केला, अशी कथा सांगतात. तुळशीपत्र ठेवले म्हणजे आपला हक्क सुटला, ही आपली जुनी समजूत आहे. एकदा अर्पण केलेले द्रव्य आपले राहत नाही, आपण केवळ त्याचे रक्षक असतो, हा या कथेचा मथितार्थ होय. देवस्थानास दिलेल्या प्रत्येक रुपयास आजही तोच नियम लागू आहे.

दिनचर्या व न्यायदान

पहाटे उजाडण्यापूर्वी एक घटका दोन घटका त्या उठत. स्नान, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म व अन्नदान झाल्यावर साधे शाकाहारी भोजन घेत. थोड्या विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास दरबारात बसत आणि सायंकाळी सहापर्यंत फिर्यादी ऐकत. संध्याकाळची पूजा व फराळ झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागदपत्रे पाहत. ही दिनचर्या वर्षानुवर्षे चालली.

त्या पडदा पाळीत नसत. दरबारात उघड बसून फिर्याद करणाऱ्याचे म्हणणे स्वतः ऐकत. गरीब रयतेस मध्यस्थ शोधण्याची गरज उरली नाही, हा याचा मोठा लाभ झाला. आपल्या हाती आलेल्या सत्तेच्या प्रत्येक कृत्याचा जाब ईश्वरापुढे द्यावयाचा आहे, ही त्यांची दृढ श्रद्धा होती. कोणी कठोर उपाय सुचविला तर मर्त्य माणसाने ईश्वराच्या निर्मितीचा नाश करताना विचार करावा, असे त्या सांगत.

अधिकारी वारंवार बदलण्याची त्यांची पद्धत नव्हती. गोविंदपंत गानू हे त्यांच्या कारभारात दीर्घकाळ मंत्री राहिले. इंदूरचे कमाविसदार खंडेराव हे वीस वर्षांहून अधिक काळ एकाच जागी होते. प्रामाणिक माणसास निर्धास्तपणे काम करू द्यावे आणि रयतेची तक्रार आल्यास मात्र कोणाचीही गय करू नये, असा नियम होता.

घेता आले असते, ते घेतले नाही

त्या काळी धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला म्हणजे त्याच्या संपत्तीवर सत्ताधाऱ्यांची दृष्टी जाई. विधवेस दत्तक घ्यावयाचा असल्यास मोठा नजराणा द्यावा लागे. यात कोणास फारसे वावगे वाटत नसे, कारण प्रथाच तशी होती. अहिल्यादेवींच्या काळातील तीन प्रसंग या दृष्टीने मनन करण्याजोगे आहेत.

सिरोंज येथील एका श्रीमंत विधवेने मूल दत्तक घेण्याची इच्छा धरली. तेथील अधिकाऱ्याने परवानगीसाठी तीन लक्ष रुपयांची मागणी केली. ती स्त्री मुलास घेऊन थेट माहेश्वरास आली. अहिल्यादेवींनी तिची फिर्याद ऐकली, त्या अधिकाऱ्यास पदावरून दूर केले आणि एकही पैसा न घेता दत्तविधानास मान्यता दिली. इतकेच करून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी त्या बालकास मांडीवर घेतले आणि वस्त्रे, अलंकार व पालखी देऊन त्याची पाठवणी केली.

दुसरा प्रसंग इंदूरचा. देवीचंद नावाचा सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांचा तळ त्यावेळी इंदूरजवळ होता. काही स्वार्थी लोकांनी भरीस घातल्यामुळे तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराच्या पत्नीने माहेश्वर गाठले. येथे प्रतिपक्षी सामान्य अंमलदार नव्हता. राज्याचा सेनापती आणि ज्याच्या निष्ठेवर राज्याचे रक्षण अवलंबून होते, तो पुरुष होता. त्याचा रोष ओढवून घेणे धोक्याचे होते. अहिल्यादेवींनी त्या विधवेस वस्त्रे देऊन घर व मालमत्ता यांची स्वामिनी म्हणून मान्यता दिली आणि तुकोजींनी इंदूरपासून आपला तळ हलवावा व नगरास अन्यायाने पीडा देऊ नये, अशी आज्ञा पाठविली. तुकोजींनी ती पाळली. माहेश्वराचा न्याय सेनापतीपुढेही वाकत नाही, हे सावकारी पेढ्यांपासून खेड्यापाड्यांपर्यंत सर्वांस समजले.

तिसरा प्रसंग खरगोणचा. तापीदास व बनारसीदास हे दोघे धनिक बंधू वारसाविना वारले. त्यांच्या घरच्या स्त्रिया आपली संपत्ती स्वखुशीने अहिल्यादेवींस अर्पण करण्यास आल्या. येथे जबरदस्ती नव्हती, अन्याय नव्हता. तरीही अहिल्यादेवींनी ते धन स्वीकारले नाही. त्याचा विनियोग त्यांनी स्वतःच लोकोपयोगी कामी करावा, असा सल्ला दिला. त्यातून खरगोण येथे कुंदा नदीच्या काठी घाट व गणपतीचे मंदिर उभे राहिले.

या न घेतलेल्या पैशाचे फळ राज्यास अनेक पटींनी मिळाले. आपली पेढी व आपले घर आपल्या पश्चात सुरक्षित राहील, अशी खात्री पटल्याने व्यापारी व कारागीर होळकरांच्या मुलखात वस्ती करू लागले. लहानशा गावाचे इंदूर भरभराटीचे नगर झाले. माहेश्वरात विणकर येऊन स्थायिक झाले आणि तेथील लुगड्यांचा लौकिक आजही टिकून आहे.

सातपुड्यातील वाटा

सातपुडा व विंध्य यांच्या घाटवाटांवर त्या काळी यात्रेकरूंचे व व्यापाऱ्यांचे तांडे लुटले जात. डोंगरातील भिल्ल व गोंड समाजाकडे सर्व दरबार केवळ उपद्रवी म्हणून पाहत. अहिल्यादेवींनी प्रथम सामोपचाराचा मार्ग धरला. तो न साधल्यावर बळाचा उपयोगही केला आणि काही म्होरक्यांस देहान्त शासन झाले. परंतु केवळ शासनाने प्रश्न सुटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा परंपरागत हक्क होता. त्यास भिलकवडी म्हणत. अहिल्यादेवींनी हा हक्क मान्य केला. पडीक जमिनी त्यांना कसण्यास दिल्या. त्याच्या मोबदल्यात आपापल्या हद्दीतील वाटांचे रक्षण करावे आणि चोरी झाल्यास माल शोधून द्यावा, अशी जबाबदारी भिल्ल नायकांवर टाकली. ज्यांच्या भयाने यात्रेकरू वाट सोडीत, तेच वाटेचे राखणदार झाले. यात दोन्ही बाजूंनी शब्द पाळला गेला, म्हणून व्यवस्था टिकली. डोंगरात राहणाऱ्या माणसाचाही काही न्याय्य हक्क आहे, हे मान्य केल्यावाचून त्याचा विश्वास मिळत नाही, हा धडा सातपुड्याच्या सान्निध्यात राहणाऱ्यांस विशेष जवळचा वाटेल.

तीर्थक्षेत्रांची सेवा

इ. स. १७८० च्या सुमारास काशीच्या विश्वनाथाचे सांप्रतचे मंदिर अहिल्यादेवींनी उभारले. शंभर वर्षांहून अधिक काळ खंडित झालेली तेथील परंपरा त्यामुळे पुन्हा सुरू झाली. इ. स. १७८३ मध्ये सोमनाथ येथे जुन्या भग्न मंदिराजवळ त्यांनी नवे मंदिर बांधून शिवपूजेची सोय केली. इ. स. १७८७ मध्ये गयेचे विष्णुपद मंदिर पूर्ण झाले. महाराष्ट्रात वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्या नावाशी निगडित आहे. चांदवड येथील रेणुकामातेचे मंदिर व रंगमहाल त्यांच्या काळाची साक्ष देतात. पंढरपुरी होळकर वाडा आहे. बदरीनाथ, केदारनाथ, द्वारका, जगन्नाथपुरी व रामेश्वर या क्षेत्रीही त्यांचा दानधर्म पोहोचला.

यातील बहुतेक स्थळे होळकरांच्या राज्याबाहेर होती. तेथून त्यांना एक पैशाचा वसूल येत नव्हता. परक्या मुलखात मंदिर बांधावयाचे तर तेथील सत्ताधीशांच्या मनात संशय येणे साहजिक असते. अहिल्यादेवींच्या कार्यात राजकीय हेतू नाही, अशी निजाम व टिपू सुलतान यांच्यासारख्या सत्ताधीशांचीही धारणा होती आणि ते त्यांच्याविषयी आदर बाळगीत, असे पुढील काळातील इतिहासलेखकाने नोंदविले आहे.

मोठ्या मंदिरांइतकीच त्यांची लहान कामे लक्षणीय आहेत. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी रस्त्यारस्त्यांवर पाणी देणारी माणसे नेमलेली असत. शेतात राबणाऱ्या नांगऱ्यांनाही पाणी पोहोचविले जाई आणि बैलांना पाणी पाजण्याची सोय असे. थंडीपूर्वी आश्रितांस उबदार कपडे मिळत. पिकावरील पाखरे शेतकरी हाकलतात, म्हणून उभ्या पिकाची काही शेते त्या विकत घेत आणि पाखरांसाठी मोकळी ठेवीत. नर्मदेतील माशांनाही अन्न घातले जाई. दक्षिणेतील दूरच्या देवस्थानांस अभिषेकासाठी गंगाजलाच्या कावडी नियमाने जात.

स्तुतीचा त्याग

एका विद्वान ब्राह्मणाने अहिल्यादेवींच्या स्तुतिपर ग्रंथ रचून त्यांच्यासमोर वाचला. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकून घेतला. आपण दुबळी व पापी स्त्री असून इतक्या स्तुतीस पात्र नाही, असे सांगून तो ग्रंथ नर्मदेत टाकण्याची आज्ञा केली आणि त्या पंडिताकडे पुढे लक्ष दिले नाही. स्तुती गोड लागू लागली की खरे सांगणारी माणसे दूर जातात आणि गोड बोलणारी जवळ येतात. ज्याच्या हाती अधिकार आहे, त्याने हा प्रसंग नित्य स्मरणात ठेवावा असा आहे.

अखेरचा काळ

एवढ्या सचोटीने वागूनही अहिल्यादेवींच्या वाट्यास सुखच आले असे नाही. तुकोजी मोहिमांसाठी वारंवार पैसा मागत आणि खर्चाचा हिशेब मिळत नसल्याचे अहिल्यादेवींचे म्हणणे असे. उत्तरायुष्यात या कारणाने दोघांत मोठी कटुता आली. सेनापतीस हवा तेवढा पैसा दिला असता तर घरात शांतता राहिली असती. परंतु रयतेच्या घामातून आलेल्या दौलतीचा जाब आपणास द्यावयाचा आहे, या भावनेने त्यांनी हिशेबाचा आग्रह सोडला नाही.

कन्या मुक्ताबाई हा त्यांचा अखेरचा आधार होता. मुक्ताबाईंचा पुत्र नथ्याबा तरुणपणीच वारला. इ. स. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निवर्तले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. जी विनवणी सासऱ्यांनी एकेकाळी अहिल्यादेवींस केली होती, तीच त्यांनी आता मुलीस केली. मुलीने ती मानली नाही. नर्मदेच्या काठी कन्येची चिता पेटलेली त्यांना पाहावी लागली. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की कोणाशी बोलल्या नाहीत. पुढे कन्येच्या स्मरणार्थ त्यांनी सुंदर छत्री बांधविली आणि पुन्हा कामास लागल्या.

दि. १३ ऑगस्ट १७९५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी माहेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

मृत्यूनंतरची साक्ष

माणसाच्या चारित्र्याची साक्ष त्याच्या पश्चात मिळते. अहिल्यादेवी गेल्यावर होळकरांच्या घरात कलह माजला. इ. स. १८०२ मध्ये होळकरांच्याच फौजांनी खानदेश उजाड केला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. गावे ओस पडली, डोंगरातील लोकांचा दरबारांवरील विश्वास नाहीसा झाला आणि वाटा पुन्हा असुरक्षित झाल्या. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. विश्वासाने अठ्ठावीस वर्षांत जे उभे राहिले, ते दहा वर्षांच्या आत कोसळले.

होळकरांविरुद्ध लढलेला इंग्रज अधिकारी जॉन माल्कम त्यानंतर माळव्याचा कारभार पाहत होता. अहिल्यादेवींच्या घराण्याशी वा धर्माशी त्याचे काही नाते नव्हते. त्याने प्रथम ही स्तुती अतिशयोक्त असावी, असे मानून निरनिराळ्या जातींच्या व थरांच्या लोकांकडून स्वतंत्र चौकशी केली. जितकी अधिक चौकशी केली, तितका आदरच वाढत गेला, अशी नोंद त्याने इ. स. १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतावरील ग्रंथात केली. मृत्यूस पाव शतक लोटल्यावर, कोणाचेही भय वा लोभ नसताना सामान्य लोकांनी दिलेली ही साक्ष होती.

इ. स. २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्मास तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या काळचे किल्ले व फौजा इतिहासजमा झाल्या, परंतु काशीविश्वनाथाच्या दर्शनास जाणारा भाविक आजही त्यांच्या बांधकामाखालून गाभाऱ्यात प्रवेश करतो.

समारोप

अहिल्यादेवींचे चरित्र राजघराण्यातील असले तरी त्यातील बोध प्रत्येक घरास लागू पडतो. देवस्थानाचे विश्वस्त, गावचे सरपंच, पतपेढीचे संचालक, शाळेचे मुख्याध्यापक, बचत गटाच्या प्रमुख भगिनी, इतकेच काय पण कुटुंबातील कर्ता माणूस, या सर्वांच्या हाती दुसऱ्याचे काही ना काही सोपविलेले असते. सिरोंजची विधवा मुलाचे बोट धरून ज्या खात्रीने माहेश्वरास निघाली, तशी खात्री आपल्याविषयी कोणास वाटते काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा. दात्यानेही दान देताना ते सन्मार्गाने मिळविलेले आहे ना, हे पाहावे आणि दिलेल्या दानाचा हिशेब विचारण्यात संकोच बाळगू नये. हिशेब विचारल्याने श्रद्धेस बाध येत नाही.

देवदर्शनास येणाऱ्या सर्व भाविकांस व दात्यांस पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या स्मरणाने सदाचाराची प्रेरणा लाभो आणि सर्वांची यात्रा सुखरूप होवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥